जालन्याची दुपार मुंबईला किती वाजता पोचते?

दोस्तांनो, जालन्याहून मुंबई किती लांब? प्रश्न सोपा वाटतो ना? मग तो जरा चार ठिकाणी विचारून बघा.

रेल्वे सांगेल, ४४० किलोमीटरच्या आतबाहेर. समृद्धी महामार्गाने गाडी काढणारे काका म्हणतील, चारशेच्या आसपास. नकाशावर पट्टी ठेवून मोजणारी तुमची वर्गमैत्रीण म्हणेल, छे, फक्त ३२६! आणि विमानाने जाऊन आलेला दादा म्हणेल, माझं विमान तर २८० किलोमीटरचंच अंतर तोडून गेलं.

आता खरं कोण बोलतंय? चौघंही खरंच बोलताहेत. कसं ते बघायचं असेल तर वही आणि पेन्सिल घेऊन बसा. आज आपण जालन्याहून निघणार आहोत, उत्तर ध्रुवापर्यंत जाणार आहोत, आणि शेवटी विमानालाही मागे टाकणारा एक प्रवासी बघणार आहोत.

सरळ रेषा मोजायची कशी?

पृथ्वीवरच्या प्रत्येक गावाचा एक पत्ता असतो. तो दोन आकड्यांचा असतो: अक्षांश आणि रेखांश. जालना शहराचा पत्ता आहे साधारण १९.८४ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.८८ अंश पूर्व रेखांश. मुंबई विमानतळाचा पत्ता १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्व.

वजाबाकी करा. अक्षांशांत फरक पाऊण अंशाचा. रेखांशांत फरक जवळजवळ बरोबर ३ अंशांचा. हे ३ अंश नीट लक्षात ठेवा, शेवटी ते मोठी गंमत करणार आहेत.

आता अंशाचे किलोमीटर करू. उत्तर-दक्षिण जायचं तर एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर पडतात. पूर्व-पश्चिम जायचं तर मात्र एका अंशाचे किलोमीटर जागेप्रमाणे बदलतात. का? एक मोसंबी सोला. जालन्यात मोसंबीला काय तोटा! तिची फोड मध्यभागी रुंद असते आणि दोन्ही टोकांना निमुळती होत जाते. पृथ्वीवरच्या दोन रेखावृत्तांमधली जागाही तशीच. विषुववृत्तावर एका अंशाची रुंदी १११ किलोमीटर, ध्रुवावर शून्य, आणि आपल्या जालना-मुंबईच्या पट्ट्यात सुमारे १०५ किलोमीटर.

म्हणजे पश्चिमेकडे ३ × १०५ = ३१५ किलोमीटर. दक्षिणेकडे ०.७५ × १११ = सुमारे ८३ किलोमीटर. झाला की नाही एक काटकोन त्रिकोण! आता पायथागोरसला हाक मारा. ३१५ चा वर्ग ९९,२२५. ८३ चा वर्ग ६,८८९. बेरीज १,०६,११४. वर्गमूळ काढा: ३२६ किलोमीटर. हे झालं जालना ते मुंबई हवाई अंतर. ना उपग्रह लागला, ना संगणक.

रेघेखाली कोणती गावं येतात?

नकाशा पुढे घ्या आणि जालना ते मुंबई अशी रेघ ओढा. ती छत्रपती संभाजीनगर आणि पैठण यांच्या मधून निघते. कायगाव टोक्याच्या आसपास, जिथे प्रवरा गोदावरीला मिळते, तिथे गोदावरी ओलांडते. श्रीरामपूर आणि राहुरीच्या मधून जाते. पुढे हरिश्चंद्रगड आणि माळशेज घाटाच्या परिसरावरून सह्याद्री ओलांडून कोकणात उतरते आणि कल्याणच्या दक्षिणेकडून मुंबई गाठते.

मग रेल्वे याच रेघेवरून का जात नाही? कारण रेल्वेला डोंगर नको असतो. चढ जरा जास्त झाला की आगगाडीच्या इंजिनाची चाकं रुळांवर जागच्या जागी घसरायला लागतात, म्हणून रूळ टाकणारे इंजिनिअर डोंगरातली त्यातल्या त्यात सोपी वाट शोधतात. मुंबईहून नाशिककडे येताना त्यांना ती कसारा ते इगतपुरी या थळ घाटात सापडली. १८६५ साली तिथून गाड्या सुरू झाल्या. तिथेही चढ एवढा आहे की ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते, आणि अवजड गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडावी लागतात.

जालन्याची गाडी आधी वायव्येला मनमाडपर्यंत जाते. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, गोदावरी खोऱ्यातली ही लाईन मनमाडला मोठ्या रेल्वेमार्गाला आणून जोडली. म्हणून आजही बदनापूर, छत्रपती संभाजीनगर, लासूर, रोटेगाव, नगरसोल करत गाडी मनमाड गाठते आणि तिथून नाशिक, इगतपुरी, कसारा, कल्याण असा नैर्ऋत्येला मोर्चा वळवते. मुंबई दक्षिणेकडे आणि आपण आधी उत्तरेकडे! या वळशाचे शंभराहून जास्त किलोमीटर वाढतात.

समृद्धी महामार्गाने बोगदे खणून आणि पूल बांधून हा वळसा बराच कमी केला. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जालना जिल्ह्यातून जातो. त्याचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तरी तोही सरळ रेघेवरून जात नाही, कारण सह्याद्री त्यालाही चुकलेला नाही.

जमीन गोल आहे, विसरलात का?

आपण रेघ सरळ म्हटली खरी, पण पृथ्वी गोल आहे. म्हणजे ती रेघ बाकदार आहे. खरीखुरी सरळ रेघ काढायची तर जालन्याच्या गांधी चमनापासून मुंबईपर्यंत जमिनीच्या पोटातून बोगदा खणावा लागेल, पट्टीसारखा सरळ.

या बोगद्याने किती अंतर वाचेल? फक्त ३५ मीटर! शाळेच्या मैदानावर चार उड्या मारल्या की संपलं. पण हाच बोगदा मध्यावर जमिनीखाली किती खोल असेल? तब्बल दोन किलोमीटर! म्हणजे जालना आणि मुंबई यांच्या मध्ये पृथ्वीला दोन किलोमीटर उंचीचा फुगवटा आहे आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच खूप उंच मनोऱ्यावर चढलं तरी जालन्यातून मुंबई दिसणार नाही.

विमानाचं घड्याळ

आता विमानाकडे येऊ. जालन्याला जवळचा विमानतळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा, चिकलठाण्याचा. तो जालन्याहून पश्चिमेला, म्हणजे मुंबईच्याच वाटेवर आहे. त्यामुळे पन्नासेक किलोमीटर आपण जमिनीवरूनच कापतो आणि विमानाला उरतात २८०.

एटीआर नावाचं पंख्याचं छोटं विमान ताशी ५०० किलोमीटरने उडतं. २८० ला ५०० ने भागा: ३४ मिनिटं. एअरबसचं जेट विमान ताशी ८०० च्या पुढे जातं. त्याला लागायला हवीत २१ मिनिटं. पण वेळापत्रक उघडा, तिथे प्रवास सुमारे तासाभराचा दिसेल. उरलेली मिनिटं गेली कुठे?

पहिली गोष्ट, वेळापत्रकातलं घड्याळ विमान उडाल्यावर सुरू होत नाही. विमान जागचं हललं की ते सुरू होतं आणि मुंबईत थांबून चाकांना ठोकळे लावले की बंद होतं. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, उतरल्यावर हळूहळू जागेवर येणं, हे सगळं त्यात धरतात.

दुसरी गोष्ट, विमान वर चढताना आणि खाली उतरताना पूर्ण वेगात नसतं. दहा हजार फुटांच्या खाली तर साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची वेगमर्यादा पाळावी लागते. चिकलठाणा ते मुंबई हा पल्ला एवढा छोटा, की चढणं संपेस्तोवर उतरायची तयारी सुरू होते.

तिसरी गोष्ट, मुंबईची गर्दी. मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. आभाळात रांग लागली की नियंत्रण कक्षातून सूचना येते, जरा घिरट्या घाला. मग २८० किलोमीटरची वाट वाढत जाते.

विमानतळावर गेलात तर धावपट्टीच्या टोकाला रंगवलेला मोठा आकडा बघा. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला ०९ आहे आणि दुसऱ्या टोकाला २७. हे काय? पुढे एक शून्य लावा. ०९० अंश म्हणजे पूर्व, २७० अंश म्हणजे पश्चिम. वैमानिकाला आकडा वाचताक्षणी कळतं की आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे. आणि दिशा महत्त्वाची, कारण विमान शक्यतो वाऱ्याच्या समोर तोंड करून उडतं आणि तसंच उतरतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा विमानंही पश्चिमेकडे तोंड करतात.

वारा आपली मिनिटं खातो

आता एक कोडं. समजा दोन शहरं ३०० किलोमीटर अंतरावर आहेत आणि विमानाचा वेग ताशी ५०० आहे. वारा नसेल तर जायला ३६ मिनिटं, यायला ३६ मिनिटं. एकूण ७२.

आता ताशी १०० किलोमीटरचा वारा सुटला. जाताना तो समोरून आला आणि येताना पाठीमागून. जाताना जेवढं नुकसान झालं तेवढा फायदा येताना होईल, म्हणजे एकूण वेळ ७२ मिनिटंच राहील, असं वाटतं ना? करून बघू. जाताना वेग ५०० वजा १००, म्हणजे ४००. लागली ४५ मिनिटं. येताना ६००. लागली ३० मिनिटं. एकूण ७५!

तीन मिनिटं वाऱ्याने खाल्ली. कारण काय? समोरून वारा असताना विमान हळू जातं, म्हणून त्या वाऱ्यात ते जास्त वेळ राहतं. पाठीमागून वारा असताना ते लवकर निघून जातं, म्हणून फायदा घ्यायला वेळच कमी मिळतो. जाण्यायेण्याचा हिशेब केला की असा वारा नेहमी तोट्याचाच ठरतो. नदीत होडी वल्हवणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

हिवाळ्यात उत्तर भारतावर उंच आभाळात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा एक झोत वाहतो. म्हणूनच त्या दिवसांत दिल्लीहून गुवाहाटीला विमान लवकर पोचतं आणि परत येताना जास्त वेळ घेतं. अंतर तेच, विमान तेच, वेळ वेगळा.

दारापासून दारापर्यंत

आता खरा हिशेब मांडू. आजोबा जालन्यात, आत्या दादरला. आजोबा घरातून निघाले. चिकलठाण्याला पोचायला सव्वा तास. विमान सुटण्याआधी दीड तास तिथे हजर. विमानाचा एक तास. उतरून बॅग घेऊन बाहेर यायला अर्धा तास. तिथून आत्याच्या दारात जायला पाऊण तास. बेरीज करा: पाच तास!

३२६ किलोमीटरला पाचने भागा. ताशी ६५ किलोमीटर. ८०० च्या वेगाने उडू शकणाऱ्या जेटमध्ये बसूनही आजोबांचा सरासरी वेग एखाद्या मोटारीएवढाच पडला.

आणि रेल्वेने? ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. पुढे ती नांदेडपर्यंत वाढवली. ती जालन्याहून मुंबईला सुमारे सात तासांत नेते आणि दादरला थांबतेही. स्टेशनवर जाण्यायेण्याचा वेळ धरला तर साडेसात तास. म्हणजे विमानाने वाचले अडीच तास.

पण आत्या दिल्लीला असती तर? चिकलठाण्याहून दिल्ली सुमारे ९८० किलोमीटर, विमानाला साधारण दोन तास. बाकीचे चार तास तेवढेच राहतील, कारण विमानतळावरचा वेळ अंतराप्रमाणे वाढत नाही. एकूण सहा तास. आणि जालन्याहून दिल्लीला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसला लागतो जवळजवळ एक पूर्ण दिवस. बघा, पल्ला जितका लांब तितकं विमान फायद्याचं. जवळच्या गावाला विमान नसतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

पृथ्वीगोल आणि दोरा

शाळेत पृथ्वीगोल असेल तर बाईंना किंवा सरांना विचारून तो मागा आणि एक दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक बंगळुरूवर धरा, दुसरं अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोवर. दोरा ताणा. तो कुठून गेला? थेट उत्तर ध्रुवाजवळून!

सपाट नकाशात ही दोन शहरं पूर्व-पश्चिम अशी दूर दिसतात. पण बंगळुरू ७७ अंश पूर्वेला आणि सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिमेला. म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजू. तिथे जाण्याची सगळ्यात जवळची वाट डोक्यावरून, ध्रुवावरूनच पडते.

आणि ही नुसती दोऱ्याची गंमत नाही. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं एक विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळुरूला आलं. कॅप्टन होत्या झोया अगरवाल आणि सगळ्या वैमानिक महिला होत्या. जवळपास १४,००० किलोमीटर न थांबता, सुमारे १७ तास. विमान ९ जानेवारीच्या रात्री निघालं आणि ११ जानेवारीच्या पहाटे पोचलं. सतरा तासांत दोन तारखा कशा उलटल्या? कारण हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं. तिथे ९ तारखेची रात्र होती तेव्हा आपल्याकडे १० तारखेची सकाळ झालेली होती.

सगळ्यात वेगवान प्रवासी

आता ते ३ अंश आठवा. पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती ३६० अंश फिरते. म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. जालना आणि मुंबईत ३ अंशांचा फरक, म्हणजे १२ मिनिटं. जालन्यात सूर्य दिवसातला सगळ्यात उंच आला की बरोबर १२ मिनिटांनी तो मुंबईत तसा उंच येतो. जालन्याची दुपार १२ मिनिटांत मुंबईला पोचते!

तिचा वेग काढा. ३१५ किलोमीटर १२ मिनिटांत, म्हणजे ताशी १,५७५ किलोमीटर. जेट विमानाच्या जवळजवळ दुप्पट, आणि हवेतल्या आवाजाच्या वेगाहूनही जास्त. या दुपारच्या मागे धावून तिला गाठणारी प्रवासी विमानं मोजकीच झाली. कॉनकॉर्ड हे त्यांतलं एक. ते लंडनहून न्यूयॉर्कला साडेतीन तासांत जायचं, आणि न्यूयॉर्कचं घड्याळ लंडनच्या पाच तास मागे. त्यामुळे प्रवासी निघाले त्याच्या आधीची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळात दिसायची! २००३ साली ते निवृत्त झालं.

जालना आणि मुंबईची घड्याळं आज एकच वेळ दाखवतात, कारण आपण सगळे भारतीय प्रमाणवेळ वापरतो. ती ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. पण पूर्वी तसं नव्हतं. प्रमाणवेळ १९०६ च्या सुरुवातीला आली, तरी मुंबई शहराने आपली जुनी ‘मुंबई वेळ’ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि १९५५ पर्यंत चालू होती. म्हणजे जालन्याहून मुंबईला गेलेल्या माणसाला गाडीची वेळ एक आणि शहरातल्या जुन्या घड्याळांची वेळ दुसरी, असा दुहेरी हिशेब सांभाळावा लागे.

आता तुमची पाळी

तुम्ही अंबडचे असा, परतूरचे, भोकरदनचे, मंठ्याचे, घनसावंगीचे की जाफराबादचे, घरातल्या मोठ्यांच्या फोनवर आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश बघा. मामाच्या गावाचेही बघा. वजाबाकी करा, अक्षांशाच्या फरकाला १११ ने गुणा, रेखांशाच्या फरकाला १०५ ने गुणा, वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ काढा. मिळालेलं अंतर एसटीच्या वाटेच्या अंतराशी ताडून बघा. फरक का पडला ते नकाशात शोधा: नदी आडवी आली, डोंगर आला, की रस्ता एखाद्या मोठ्या गावाला वळसा घालून गेला? मग रेखांशाच्या फरकाला ४ ने गुणा. तुमच्याकडची दुपार मामाकडे किती मिनिटांनी जाते, किंवा तिकडून तुमच्याकडे येते, ते कळेल.

आणि एक सवय लावून घ्या. अंतर सांगताना कोणत्या वाटेने ते सांगा, वेळ सांगताना कुठून कुठपर्यंत ते सांगा. या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय ‘किती लांब?’ या प्रश्नाचं उत्तर पूर्ण होत नाही.